कॅप्टनसाहेबांचं वाकडं तास

मेहिताबेलताई,
ओहायोहून तुझ्या धाकटीचा नमस्कार. मी बरी आहे, काळजी करू नकोस. तुझा गुडघा कसा आहे?

काल गावाने ह्यांच्या कबरीवर दगड बसवला, बंदुकांची सलामी दिली. शेजारचा जोसाया म्हणाला, "कॅप्टनसाहेबांनी इंग्रजांना पळवलं, जंगल तोडलं, पण शेतात नांगराने एक तास काही सरळ ओढता आलं नाही!" सगळे हसले. मीही हसले.

आमची लेक पेशन्स गेली, तेव्हा लांडग्यांनी उकरू नये म्हणून ह्यांनी तिला शेतातच पुरून वर फांद्या जाळल्या. खूण ठेवली नाही. पुढे जन्मभर तेवढ्या जागेला वळसा घालून नांगर नेला.

आता आमचं शेत जोसाया कसणार आहे. त्याचं तास अगदी सरळ असतं गं.

तुझी,
डोर्कस