प्रत माहितीस्तव

छावणी, छत्रपती संभाजीनगर
सोमवार, दि. १० नोव्हेंबर २०२५

स्नेही श्री. कारभारीराव यांसी,

केशव अन्वीकर याचा सप्रेम नमस्कार. येथे आम्ही उभयता ठीक आहोत. (शैलाचा रक्तदाब आणि माझा स्वभाव, दोन्ही औषधाने आटोक्यात आहेत, असे तीच सांगते.) दिवाळीला आपण आलात तेव्हा डावा गुडघा धरून जिना उतरत होतात, त्याला आता कितपत आराम आहे, ते कळवावे. सौ. बानाबाईंना आमचा नमस्कार सांगावा. इकडे थंडी सुरू झाली असून आपल्या कारखान्यातील सत्त्याण्णव सालच्या कामगार-करारानंतर आपण दिलेले घोंगडे पायांवर घेऊनच हे लिहीत आहे. अठ्ठावीस वर्षांत त्याचा एक धागा निसटलेला नाही. वस्तू अशी असावी.

लिहिण्याचे निमित्त एवढेच की, त्या कराराची संपूर्ण प्रत आपल्याकडे असल्यास ती मला हवी आहे. माझ्या ट्रंकेतील प्रतीची शेवटची दोन पाने वाळवीने खाल्ली आहेत. (सह्यांचे पान तिने मुळीच सोडलेले नाही; व्यवस्थापकांची सही तर शाईसकट गेली.) प्रत कशासाठी हवी, हे थोडे विस्ताराने सांगणे भाग आहे.

माझी नात मृण्मयी वैमानिक आहे, हे आपण जाणताच. मात्र ती प्रवासी नेत नाही, माल नेते: औषधे, मोबाइलची खोकी, एकदा तर कोंबडीची जिवंत पिल्ले. ("म्हंजी आभाळातला टेम्पोच की वो, साहेब," असे आपण दिवाळीत म्हणालात, आणि मी तसे म्हटले असते तर आठ दिवस न बोलणारी ही मुलगी आपल्या त्या वाक्यावर खदखदून हसली.) गेल्या मार्चपासून ती त्यांच्या कंपनीतील वैमानिक संघटनेची सरचिटणीस आहे. थोडक्यात, आपल्या कारखान्यात जे पद आपण भूषवीत होतात, ते. माझ्या घराण्यात चार पिढ्या कारकुनी झाली. टेबलाच्या पलीकडच्या बाजूला बसणारी ही पहिलीच.

त्यांची मुख्य मागणी विश्रांतीची आहे. माल रात्रीचा जातो, म्हणून ही माणसे रात्रभर उडतात आणि दोन कामगिऱ्यांच्या मध्ये त्यांना बारा तास मिळतात. त्या बारांतच विमानतळावरून हॉटेलात जाणे, जेवण, आंघोळ आणि पुन्हा विमानतळावर येणे धरलेले असते. झोपेच्या वाट्याला पाच-साडेपाच तास येतात, तेही दिवसा, बाहेर भोंगे वाजत असताना. गेल्या महिन्यात मृण्मयी घरी आली असता जेवताना हातात घास धरून बसल्या जागी झोपली. शैलाने तो घास तिच्या हातून काढून घेतला तरी ती उठली नाही. त्या दिवसापासून रात्री विमानाचा आवाज आला, की शैला अंथरुणावर उठून बसते. ते विमान मृण्मयीचे नसते, हे तिला सांगून उपयोग होत नाही.

संघटनेने सोळा तास मागावयाचे ठरविले. मागील महिन्यात दोन दिवसांसाठी घरी आलेल्या मृण्मयीने माझ्याकडे दोन कागद दिले. पहिला कंपनीला द्यावयाचा सोळा तासांचा मागणीअर्ज, सही केलेला, पाकिटासह. तो मी छावणीच्या टपाल कार्यालयातून रवाना करावयाचा होता. दुसरी त्यांच्या समितीची अंतर्गत टिपणी. तिच्यात लिहिले होते की मागणी सोळा तासांची करावी, ताणून धरावे, परंतु शेवटी चौदांवर मान्य करावे. ती मी केवळ भाषेच्या दृष्टीने तपासावयाची होती.

तपासली. (वैमानिकांना स्वल्पविराम कोठे उतरवावा हे कळत नाही, यावर अधिक लिहीत नाही.) टंकलेखन यंत्रावर स्वच्छ प्रत काढली. आपणास स्मरतच असेल की, व्यवस्थापनाच्या कार्यालयात माझ्या टेबलावरून बाहेर पडणाऱ्या प्रत्येक कागदाच्या तळाशी एक ओळ असे: 'प्रत माहितीस्तव', आणि पुढे ज्याच्याशी कागदाचा संबंध असेल त्याचे पद. एकतीस वर्षे हात या ओळीवर येऊनच थांबला आहे. टिपणीचा संबंध कंपनीशी होता. तेव्हा टिपणीच्या तळाशी हाताने लिहिले, 'प्रत माहितीस्तव: कंपनीचे कार्मिक अधिकारी'. आणि तळाशी ज्याचे नाव लिहिले त्याला प्रत गेली नाही, असे माझ्या सेवेत एकदाही घडलेले नाही. ती पाठविण्यास मागणीअर्जाचे पाकीट तयारच होते.

पोचपावती तिसऱ्या दिवशी आली. ती मी फाइलीस लावली.

गेल्या मंगळवारी त्यांची कंपनीबरोबर पहिली बैठक झाली. मृण्मयी आठ बैठकांच्या तयारीने गेली होती. कंपनीच्या माणसाने चहा येण्यापूर्वीच सांगितले, "चौदा तास देतो. त्यावर एक मिनिटही नाही." यांना वाटाघाटी करावयास जागाच उरली नाही. फोनवर ती म्हणाली, "आबा, त्यांना आमचा आकडा ठाऊक होता. आमच्यातल्याच कोणीतरी फोडलाय." मी म्हटले, "असे कसे होईल?" हे वाक्य व्याकरणदृष्ट्या प्रश्नार्थक असल्याने त्यास असत्य म्हणता येणार नाही.

आता संशय केयूर नावाच्या मुलावर आहे. तो समितीत आहे आणि त्याची मेहुणी कंपनीच्या कार्यालयात नोकरीस आहे. हा तोच केयूर, ज्याने मृण्मयीच्या तापात तिच्या दोन फेऱ्या स्वतः घेतल्या होत्या. येत्या रविवारी सभासदांची सभा आहे. केयूरला समितीतून काढण्याचा ठराव मृण्मयीने स्वतः लिहिला असून काल तो माझ्याकडे तपासण्यास पाठविला. मी तपासला. भाषेत बोट ठेवण्यास जागा नाही. फक्त माणूस चुकला आहे.

शैलाला मी शनिवारी सर्व सांगितले. ती मेथी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "आधी फोन उचला आणि पोरीला सांगा. तुमच्या शुद्धलेखनापायी त्या मुलाचा बळी नका देऊ." फोन मी तीनदा उचलला. तिन्ही वेळा मृण्मयीने माझ्या प्रकृतीची चौकशी केली आणि ती इतक्या आपुलकीने केली की मी गुडघ्यांविषयी सांगून खाली ठेवला. (माझे गुडघे उत्तम आहेत. आपल्या गुडघ्याचे वर्णन करावे लागले.)

म्हणून सत्त्याण्णवचा करार हवा आहे. वाटाघाट कशी करावी, याचा तो नमुना मला मृण्मयीपुढे ठेवावयाचा आहे. आपण सणाच्या बारा भरपगारी सुट्ट्या मागितल्या होत्या. तिसऱ्या बैठकीत आपण तांब्याभर पाणी प्यालात, मिशी पुसलीत आणि म्हणालात, "नऊ. त्याच्या खाली नाय." व्यवस्थापनाने ठरविलेली कमाल मर्यादा नऊच होती! आमचे साहेब थक्क झाले. माणूस समोरच्याच्या मनातले वाचतो कसा, हे मी आजवर शंभर जणांना सांगितले असेल. त्याचबरोबर हेही सांगत आलो की, माझ्या कारकिर्दीत एकही कागद भलत्या हाती पडला नाही.

कराराची प्रत सवडीने पाठवावी. घाई नाही. थोरांस नमस्कार, लहानांस आशीर्वाद.

आपला स्नेहांकित,
केशव अन्वीकर

ता. क. : सवडीने असे वर लिहिले ते खरे नाही. शनिवारी, १५ तारखेस, मृण्मयी घरी येत आहे. त्या दिवशी आपण स्वतः यावे. बस येथे साडेदहाला पोहोचते. रिक्षा घेऊन मी स्थानकावर उभा असेन. तिला जे सांगावयाचे आहे ते मी सांगेन, परंतु समोर आपण असल्यास वाक्य पूर्ण होईल. शिवाय प्रतिपक्षाचा आकडा ज्याच्या हाती लागतो, तो पुढे कसा विचार करतो, हे तिला समजावून सांगणारे माझ्या ओळखीत आपल्याखेरीज कोणी नाही.

ता. क. २ : आपल्याखेरीज कोणी नाही, असे का लिहिले, त्याचा खुलासा. करार शोधताना ट्रंकेत व्यवस्थापनाच्या त्या वेळच्या गोपनीय टिपणीची कार्बनप्रत सापडली. 'नऊ सुट्ट्यांपर्यंत मान्य करावे.' तळाशी माझ्याच अक्षरात: 'प्रत माहितीस्तव: सरचिटणीस, कामगार संघटना'. शेजारी रवानगीची खूण. वाळवीने नेमके हे पान सोडले आहे.

म्हणजे आपणास ती मिळाली होती, कारभारीराव. आपण एक शब्द उच्चारला असता तर त्याच दिवशी माझी नोकरी गेली असती. विश्वजित, म्हणजे मृण्मयीचा बाप, तेव्हा इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला होता. आपण पाणी प्यालात, मिशी पुसलीत आणि अठ्ठावीस दिवाळ्या माझ्याकडून आपली स्तुती ऐकून घेतलीत. घोंगडे मी माझ्या इतिवृत्तांच्या शुद्धतेबद्दल मिळाले, असे समजत होतो.

ता. क. ३ : पत्र पुन्हा वाचले. भाषा ठीक आहे. मात्र यात जे आहे ते मला फोनवर कधीच सांगता येणार नाही, आणि रविवार कोणासाठी थांबणार नाही. कार्बन घातलेलाच होता. तेव्हा दोन्ही पाकिटे आजच टपालात टाकीत आहे. आपण शनिवारी याल तेव्हा ती सारे वाचून बसलेली असेल. म्हणून तर यावे.

प्रत माहितीस्तव व योग्य त्या कार्यवाहीस्तव : कॅप्टन मृण्मयी विश्वजित अन्वीकर, सरचिटणीस, वैमानिक संघटना.