म्हाताऱ्याची नळी

११ ऑगस्ट, सोमवार

सुमन, वही कुठे ठेवलीस ते तरी आठवतंय का? काल फोनवर मी एवढं बोलले आणि तू म्हणतेस, आजी, निम्मं विसरले. मला अक्षर येत नाही, म्हणून मला विसरायची सोय नाही. आता बोलते तसं लिही. शाळेतलं शहाणपण त्यात घालू नको.

तर. साखरशेतहून जव्हारच्या दवाखान्यात आणलेला तुझा आजा अजून तसाच. मण्यार अंथरुणातच चावली. दुखलं नाही, सुजलं नाही, नुसत्या पापण्या मिटत गेल्या आणि मग श्वास अडकला. आता तोंडात नळी, नळीला मशीन. डॉक्टर म्हणतो, विष उतरेल, तोवर मशीन श्वास घेईल. त्याला सगळं ऐकू येतंय म्हणे. मग इतकी वर्षं मी हाक मारली की ऐकू येत नव्हतं, ते सोंगच होतं.

डॉक्टर असंही म्हणाला, आता भीती विषाची नाही, छातीची. नळी असली की निमोनिया धरतो. म्हणून पलंग डोक्याकडून उचललेला. माणूस निजलाय की बसलाय कळत नाही. मला काही हे पटत नाही.

१२ ऑगस्ट

त्या मोखाड्याच्या सिस्टरवर माझी नजर आहे. गोड बोलते. फार गोड बोलणाऱ्याचं मला...

मशीन श्वास भरतंय आणि ही नळीत बारीक पाईप घालून घर्र करून ओढून काढते. मशीन ओरडतं, ऑक्सिजनचा आकडा खाली, म्हाताऱ्याचा चेहरा काळवंडतो. मी काचेपाशी उभी. विचारलं, "बाई, भरता कशाला आणि काढता कशाला?"

"कफ घट्ट झालाय आजी. काढला नाही तर नळी तुंबेल."

ठीक. पण मी आता एक करते. तिने पाईप आत घातला की मी माझा श्वास धरते. माझा सुटायच्या आत पाईप बाहेर आला पाहिजे. तिने पाहिलं, हसली. म्हणाली, "मीपण धरते. आम्हाला तसंच शिकवलंय."

खरं असेल. तरी बघणार.

१३ ऑगस्ट

सोनीबाय आली खोडाळ्याहून. तुझ्या आजाची थोरली बहीण, म्हणजे सगळ्या गावाची थोरली. पिशवीत नागलीची पेज. सिस्टरने डबा दारातच अडवला. तोंडाने थेंबही द्यायचा नाही, त्याला गिळता येत नाही, नाकातल्या बारीक नळीने दूध जातंय तेवढंच. सोनीबायने सिस्टरकडे असं पाहिलं की दुसरी असती तर नोकरी सोडून गेली असती.

तुला ठाऊक आहे तिच्या घरची रीत. आजाऱ्याला भेटायला गेलं की आधी त्याच्या ओठाला पेज, मग आपल्या पोटात घास. तोवर उपाशी. मला वाटलं, आता ही चक्कर येऊन पडणार आणि तिलाही मशीन लावावं लागणार.

तसं झालं नाही. भेटीच्या वेळेला जरा आत बसली, बाहेर आली, माझ्या शेजारी बसून भाकरी खाल्ली. सुकटही मागितली. म्हटलं, चला, म्हातारपणी शहाणी झाली.

१५ ऑगस्ट

अंग तापलंय. समोरच्या शाळेत झेंडावंदन, पोरं गात होती, आणि इथे सिस्टर माझ्यासमोर येऊन उभी. "आजी, यांना काय भरवलं?"

तोंडातून तपकिरी पाणी निघालं. मग नळीतूनही, कफात बारीक कण. ओढलेला कफ जमतो त्या भिंतीवरच्या बरणीत दाखवलं मला. मी जन्मभर नागली दळली, मला काय ते ओळखू येणार नाही?

"मी नाही," म्हटलं. तिला पटलं नाही. मी तिच्यावर पाळत ठेवून होते, आता ती माझ्यावर. बरं दिसलं का हे, सुमन?

दुपारी फोटो काढला छातीचा. उजवीकडे पांढरं. डॉक्टरने नाव घेतलंच. निमोनिया.

कोण? तुझा बाप आत जातो, पण तो घाबरून हातसुद्धा लावत नाही. तुझी आई परवापासून आलीच नाही. मी तर...

मग आठवलं. सोनीबाय जेवली होती.

१६ ऑगस्ट

विचारलं. "बाय, त्या दिवशी जेवलीस कशी गं?"

म्हणाली, "वयनी, त्याचे ओठ सुकलं होतं. एक चमचा. पदराखालून."

"मी सिस्टरला सांगणार."

"सांग. मी माझ्या भावाला उपाशी ठेवला नाय, हेपण सांग."

सांगितलं. काय करू? डॉक्टरला कळायला नको का छातीत काय गेलंय? औषध बदललं. सिस्टर रागावली नाही. दारावरच्या माणसाला मात्र म्हणाली, खोडाळ्याच्या आजीला आत सोडायचं नाही. सोनीबायने ते ऐकलं. माझ्याशी बोलत नाही.

एक आहे. पाईप काढताना म्हाताऱ्याने बोट हलवलं. सिस्टरनेही पाहिलं. विष उतरतंय, आता छाती साथ देते का बघायचं.

१८ ऑगस्ट, सोमवार

डोळे उघडले. फटीएवढे. माझ्याकडे पाहिलं आणि परत मिटले, म्हणजे शुद्धीत आहे. ताप आहेच. कफ कमी म्हणतात, मला तेवढाच वाटतो. उद्या मशीन थोडा वेळ बंद करून बघणार. स्वतः श्वास घेतला तर नळी निघेल. नाही घेतला तर... ते उद्या.

सोनीबाय बाहेर बाकावर बसलीय. कालपासून घास नाही, नुसता कोरा चहा. म्हणते, चमचा चुकला, म्हणून तो आता धरायचाच नाही. भाऊ आपल्या तोंडाने गिळेल तेव्हाच जेवेन. मला भरवसा नाही. ती संडासला गेली की मी तिची पिशवी चाचपते. आज रिकामी होती. उद्याचं माहीत नाही.

सकाळच्या एसटीने बापाबरोबर डबा पाठव. नागलीच्या भाकऱ्या, सुकटीची चटणी, कांदा. सोनीबायच्या नावाच्या दोन जास्त, फडक्यात वेगळ्या बांध. ती खाणार नाही, तरी पाठव. सगळं कोरडं. ताक नको, आमटी नको, पेज तर नकोच. चमच्यात मावेल असं काही पाठवू नको.