निळ्याचं वांगं

हिंगोली, बुधवार, १९ एप्रिल २००६

जयंती होऊन गेली, पण ते वांगं डोक्यातून जात नाही. मिरवणुकीपुढे धरायला आम्ही निळा बॅनर सांगितला होता. बंडू डिझाइनरने दिला वांग्याच्या रंगाचा. बाळापूरचा मावसभाऊ भर चौकात ओरडला, "काहून दादा, औंदा भाजीमंडईची मिरवणूक काढली का?" सगळे हसले. बाबासाहेबांच्या फोटोखाली उभा राहून मी मान खाली घातली. आणि बंडू? "स्क्रीनवर तर निळाच होता दादा. नांदेडच्या मशीनची मिष्टेक."

मशीनची म्हणे! मी नांदेडला छापणाऱ्यालाच फोन लावला. तो म्हणाला, स्क्रीनवरचा निळा उजेडाचा असतो, छापातला शाईचा. फाईल शाईच्या रंगांत बदलून मजेंटाचा, म्हणजे गुलाबी शाईचा, आकडा उतरवला नाही, तर निळ्याचं वांगं होणारच. इतकं साधं.

आज संध्याकाळी बंडूनेच बोलावलं. त्याच्या नव्या दुकानाचा बोर्ड स्क्रीनवर तयार होता: हात जोडलेला बंडू आणि मागे तोच निळा, रंगाचे आकडेसुद्धा तेच.

"दादा, तुमची नजर बारीक. उद्या छापायला धाडतो. बराबर हाय ना?"

सांगावं का? अगदी जिभेवर आलं होतं. मग तो चौक आठवला.

"स्क्रीनवर तर निळाच दिसून राहिला," मी म्हणालो.

गडी खूश. वर चहा पाजला.

रविवारी उद्घाटन आहे. आहेर म्हणून ताजी वांगी नेईन, आणि देण्याआधी एक बोर्डाला लावून रंग जुळतो का ते सगळ्यांदेखत बघेन.