टोपल्याच्या गाण्याला नाव

७ ऑक्टोबर १९५७, माजरी
खाणीत उतरणाऱ्या सकाळपाळीच्या बत्त्या वाटून झाल्या. बत्तीघराच्या खिडकीसमोरच कोळशाचा ढीग. रेजा बाया टोपल्या भरून वॅगनमध्ये रिकाम्या करतात. आज गाणं नवीन!
टोपलं मोठं झालं वो माय, डोस्कं वाढलं नाई.
खरंच. परवा मुकादमानं नव्या टोपल्या आणल्या, जुन्यांपेक्षा चांगल्या वीतभर उंच. टोपल्यामागे मजुरी जुनीच. आणि चाल चक्क धानाच्या रोवण्याची! चिखलातली चाल कोळशावर कशी बसते? दिवसभर तेच घोळत होतं.

१० ऑक्टो.
आणखी एक ओळ आली, वहीत उतरवली:
मुकादमाच्या टोपल्याले पहाडबी पुरत नाई.
वा! पण रचते कोण? एक बाई ओळ उचलते, बाकीच्या झेलतात. उचलणारी मात्र रोज वेगळी. विचारलं तर तोंडाला पदर लावून हसतात. एक म्हणे, "गानं का कोनी करते, बाबू? ते येते." अहो, पण कुठून?

१५ ऑक्टो.
सापडलं! पाण्याच्या टाकीपाशी भागरताबाई एकटीच गुणगुणत होती, शब्द बदलून बदलून. पोंभुर्ण्याकडची, आमच्याच भागातली. नवरा वारला, दोन पोरी पदरात.
"बाई, गाणं तुमचंच ना?"
"माह्यं कायचं? सगळ्याइचं हाय." पण चेहरा पकडल्यासारखा. मला इतका आनंद झाला की चहा तसाच राहिला.

१९ ऑक्टो.
दिवाळीनंतरच्या जत्रेत, मंडईत, आपली दंडार, नाचगाण्यांचा खेळ. पेटीवर मी. हे गाणं बसवलंच. आमच्या दंडारीत शेवटच्या कडव्यात रचणाऱ्याचं नाव येतंच, नाही तर गाणं बेवारशी. म्हणून 'भागरता म्हने' घातलं. तिला सांगितलं नाही. चकित होईल बाई.

२७ ऑक्टो., रविवार
मंडई. भर दुपारी बाजाराच्या मैदानात गाणं काय रंगलं! तीनदा घ्यायला लावलं. 'भागरता म्हने' आलं तसे सगळे तिच्याकडे वळले. ती हसली नाही. पहिल्या रांगेत मुकादम, तोही टाळ्या वाजवत होता. मला वाटलं, त्यालाही आवडलं.

२८ ऑक्टो.
कसलं आवडलं! सकाळीच मुकादमानं तिचं टोपलं काढून घेतलं. "आता घरीच म्हन गानं."
सुटी होताच तिच्या खोलीवर गेलो.
"नाव काऊन टाकलं, बाबू? आमी नाव टाकत नाई, ते का विसरून? उचलनारी रोज बदलतो, ते काऊन बदलतो?"
तीन आठवडे खिडकीत बसून ऐकलं, वहीत लिहिलं, आणि एवढं समजलं नाही. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

२९ ऑक्टो.
दुपारपर्यंत ढिगावर गाणं नाही. मग सरूबाईनं उचललं. शेवटी, 'सरू म्हने'. लगेच पुढची, 'पार्बता म्हने'. मग तानी, मग गिरजा. एकेक करून सगळ्यांनी आपापलं नाव घातलं! मी इकडे बत्ती पुसता पुसता रडत होतो की हसत होतो, कोणास ठाऊक.
मुकादम तणतणत बत्तीघरात. "बाबू, दंडार तुमी बसवली. खरं कोनाचं हाय, सायबासाठी लिहून द्या. भागरताचं नसंन त तिले परत घेतो. पन ज्याचं असंन त्याले हाकलतो."

३० ऑक्टो.
लिहिलं. 'गाणं माझं, बाईचं नाव मी उगाच घातलं.' नोकरीची भीती वाटते, खोटं कशाला बोलू? पण त्याहून लाज वाटते. एवढं चांगलं मला या जन्मात जमलं असतं का? माझं 'पुरुषोत्तम म्हने' तर चालीत बसतसुद्धा नाही. मुकादमाला गाण्याचा कान नसला म्हणजे मिळवली.
कागद खिशात आहे. मुकादम ढिगाकडून इकडेच येतोय. फाटकाबाहेर भागरताबाई उभी, ओठ हलताहेत. नवीन ओळ असणार. इथपर्यंत ऐकू येत नाही.