सातव्या भोकाचा दिवा

हवाना, मंगळवार, १४ मार्च २०१७

दामारिस,

आणि वर तूच मला विचारतेस, "ताई, तोंड का फुगलंय?" लाज नाही वाटली? मी बरी आहे. गुडघा दुखतो. तूही बरीच असशील. दुपारी तीन ते चार तर फारच मजेत.

मी फार शिकले नाही, पण मला डोळे आहेत. अख्ख्या गल्लीतल्या कॉम्प्युटरच्या वायरी ज्याला जोडल्यात तो स्विचचा डबा माझ्या धुण्याच्या दोरीखालीच आहे. पहिल्या भोकात माझ्या नवऱ्याची वायर, सातव्यात तुझी. रोज तीनला मी कपडे काढायला जाते, तर एक नि सात, दोनच दिवे लुकलुकत असतात. गप्पा मारल्यासारखे.

माझ्या नवऱ्यानं, एलिहिओनंच मागे समजावलं होतं. वायरीतून जाणाऱ्या प्रत्येक पुडक्यावर कुणाचं, कुणाला, ते लिहिलेलं असतं. घेणारा कुठल्या वायरीवर आहे हे ठाऊक नसलं, तर डबा ते सगळ्यांच्या दारी नेतो. ज्याचं असतं त्यानं एकदा उत्तर दिलं, की डबा त्याचं दार ध्यानात ठेवतो. मग थेट तिथंच. बाकीच्यांना पत्ताही लागत नाही.

हा माणूस पूर्वी दारातूनच दिवसभराचं सगळं सांगत आत यायचा. आता जेवतो नि गप्प.

मागच्या बुधवारी मी तुझी वायर उपटून अकराव्या भोकात घातली. म्हटलं, शोध आता! दोरीवरची चादर काढेस्तोवर एक नि अकरा लुकलुकायला लागले. तू तिकडून काहीतरी पाठवलंस नि डब्यानं तुझं नवं दार शिकून घेतलं. मेल्याला एवढी अक्कल!

मग सातवं भोक उघडं बरं दिसेना. तिथं एक मोकळी वायर पडली होती. एक टोक सातव्यात खुपसलं, दुसरं लोंबत होतं म्हणून बाराव्यात. तर सगळे दिवे वेड्यासारखे लागले, विझायचं नावच नाही. हो, गल्ली दोन दिवस बंद पडली ती माझ्यामुळे. सगळ्यांसाठी मारलेली हाक एका टोकानं बाहेर पडायची, दुसऱ्यानं आत यायची, आणि डबा तिला नवी समजून पुन्हा दारोदार फिरवायचा.

गल्लीच्या वायरी एलिहिओच सांभाळतो, म्हणून लोक त्याला रस्त्यातून ओरडत होते, "अरे, तुझ्यापेक्षा कबुतरं बरी!" तो उन्हात गच्च्या पालथ्या घालत होता, मी मुकाट कॉफी करत होते. तेव्हा खालून तू म्हणालीस, "ताई, भावजींना पाणी तरी दे गं!" ते फार झोंबलं. मला सुचलंच नव्हतं.

शेवटी ती वायर त्यालाच सापडली. कुणी घातली, विचारलं नाही. माझ्याकडं नुसतं बघितलं आणि तुझी वायर परत सातव्यात लावली. आधी तुझीच.

तुझा नवरा मायामीला गेला तेव्हा माझ्या पातेल्यातला भात मी तुला निम्मा दिला. नवरा द्यायचं बोलले नव्हते.

एकदा तो मला म्हणाला होता, "ये, तुलाही कॉम्प्युटरवर लिहायला शिकवतो." मी म्हटलं, "मला कामं आहेत." पुन्हा त्यानं विचारलं नाही. त्या डब्यात माझं दारच नाही, दामारिस.

म्हणून हे कागदावर. पावाच्या टोपलीतून दोरीनं खाली तुझ्या बाल्कनीत सोडते. शुक्रवारी पाववाला ओरडायच्या आधी टोपली पुन्हा खाली येईल. तीन ते चार काय बोलता ते तिच्यात लिहून ठेव. खरं काय ते. रिकामी वर आली, तर तेही उत्तरच समजेन.

शुक्रवारपर्यंत तुझी थोरली बहीण,
सोराइदा