खिडकीखालचं मडगार्ड

प्रिय बाईसाहेब,

लेकीने फोनवर तुझा निरोप दिला. गाडी विकून टाका आणि या निघून, आता आपण इथेच राहू. तिच्या बाळंतपणाला म्हणून गेलीस आणि तिथलीच झालीस. नातू आता दुडुदुडु धावतो म्हणे. मी रागावलेलो नाही. पण घर खायला उठतं, हे तुला नाही तर कुणाला सांगू?

गिऱ्हाईक दारात आलंय. कोपऱ्यावरचा दाताचा डॉक्टर. लहानपणापासून आपल्या दोन सीटच्या गाडीवर डोळा ठेवून आहे. अट एकच, आधी सगळी नव्याने रंगवून द्या. दात असो की गाडी, त्याला चकचकीतच लागतं. म्हणून काल पेंटरला बोलावलं.

तो येईपर्यंत मी अंगणात बसून होतो. ऊन उतरलं होतं. आपली लाल गाडी आता लाल कुठली, धुऊन धुऊन विटलेल्या आवडत्या शर्टासारखी दिसते. पाहता पाहता डोळा लागला असावा. गाडी जागेवरच होती आणि तरी रस्ता मागे पळत होता. टप उघडं, तुझे केस माझ्या तोंडावर, आणि एका हाताने दार घट्ट धरून तू ओरडत होतीस, अहो, हळू! मी हळू केली नाही. तुलाही ते नकोच होतं.

पेंटर आला, गाडीभोवती फिरला, हात फिरवत डाव्या मडगार्डाशी थांबला. म्हणाला, "काका, बाकीचा रंग उन्हाने उडालाय. पण हा उडालेला नाही, घासून घासून संपलाय. खालचा प्रायमर दिसतोय बघा. इथंच एवढं काय होतं?"

मी वर पाहिलं. वर स्वयंपाकघराची खिडकी. सुट्टीच्या सकाळी मी पॉलिश करायचो आणि तू आतून बोलत असायचीस. पलीकडच्या बाजूला गेलो की तुझं बोलणं ऐकू यायचं नाही. मग ती बाजू, बॉनेट, डिकी कशीबशी उरकायची आणि पुन्हा इथे येऊन घासत बसायचं. संपलं का नाही तुमचं अजून, असं तू विचारलंस की मी फडक्यावर आणखी थोडं पॉलिश घ्यायचो. पेंटरला काय सांगणार? कळवतो म्हटलं.

आज सकाळी फडकं घेऊन तिथे उभा राहिलो. खिडकी बंद. हातच चालेना. मला तुझी फार आठवण येते गं.

रंग द्यायचा नाही, हे ठरलं. डॉक्टरलाही नाही म्हणून आलो. पण तू परत ये, असा हट्ट धरायला हे लिहीत नाही. मीच येतोय, गाडी घेऊन, आणि या वेळी खरंच हळू. तिथल्या स्वयंपाकघराची खिडकी कुठल्या बाजूला उघडते, तेवढं कळव. गाडी तिथेच लावीन.

तुझाच,
ड्रायव्हर