सगळ्यांना फाइव्ह नाइन

डिंडोली, सुरत
मंगळवार

तीर्थरूप गणपतदाजींच्या सेवेशी,

बन्सीलाल आणि भागीरथीचा साष्टांग नमस्कार. इकडे आम्ही सगळे आनंदात आहोत. तिकडे तुमची आणि सरस्वतीआक्काची तब्येत उत्तम असेल अशी आशा करतो. (आक्काच्या गुडघ्याबद्दल विचारलं की तुम्ही दरवेळी ‘आता ठीक आहे’ एवढंच सांगता. इतकी वर्षं ‘आता ठीक’ असलेला गुडघा मी दुसरा पाहिलेला नाही. असो.) फोन हातात असताना हा माणूस पत्र का लिहितोय, असं तुम्हाला वाटेल. पण दाजी, फोनवर बोलायला लागलो की चंचल भांडी घासायची थांबते, आणि व्हॉट्सॲप माझं असलं तरी वाचते तीच. म्हणून हे पत्र पारोळ्याला निघालेल्या विठ्ठलच्या हाती देतो आहे. पाकीट डिंकाने चिकटवून सांध्यावर आडवी सही केली आहे. सही मोडलेली दिसली तर विठ्ठलला चहा न देता आधी मला कळवा.

मुद्दा चंचलच्या लग्नाचा आहे, हे तुम्ही ओळखलंच असेल. तुम्ही भेस्तानचं हेमराजचं स्थळ आणलंत. मुलाच्या आईने, शोभाताईंनी, आखाजीच्या, म्हणजे अक्षय तृतीयेच्या आत काय ते कळवा असं सांगितलं. (एवढी घाई कशाची, हा माझा पहिला संशय.) चंचलला मुलगा पसंत, भागीरथीला पसंत, तुम्हाला तर पसंत आहेच. गाडं अडलंय ते माझ्यापाशी. चंचलने घरात साफ सांगितलंय की पप्पा स्वतःच्या तोंडाने हो म्हणाल्याशिवाय मी हळद लावून घेणार नाही, आणि खोटं हो म्हणालात तर मला लगेच कळेल. आता मी काय करू? सचिनच्या औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यात माझं आयुष्य कापडाचे ताके तपासण्यात गेलं. टेबलावरून कापड सरकतं, खालून ट्यूबलाइट पेटलेली असते आणि मी गाठ शोधत असतो. एखाद्या ताक्यात गाठ सापडली नाही तर शेठ म्हणतो, बन्सीलाल, झोपला होता का? अशा माणसापुढे तुम्ही एक गाठ नसलेला मुलगा आणून ठेवलात, दाजी, यात थोडी चूक तुमचीही आहे.

तरी मी चौकशीत कसूर केली नाही. मुलगा हजीऱ्याला एका कंपनीत इन्स्ट्रुमेंट खात्यात आहे, हे खरं निघालं. व्यसन नाही, हेही खरं निघालं. भेस्तानच्या पानवाल्याला विचारलं, दूधवाल्याला विचारलं, त्यांच्या बिल्डिंगच्या वॉचमनला विचारलं. सगळे म्हणाले, एकदम सज्जन मुलगा. आता तीन माणसं कधी एका माणसाबद्दल एकच शब्द बोलतात का? पढवून ठेवलेत म्हणा! फक्त इस्त्रीवाला जरा थांबला आणि म्हणाला, “लडका अच्छा है चाचा, बस छत पे कुछ करता रहता है.” या ‘कुछ’ने माझी झोप उडाली. भागीरथीला सांगितलं तर ती आपल्या अहिराणीत माझ्यावरच उखडली, तुम्हले कोनीच पसंत पडत नही म्हणून.

शेवटी परवाच्या रविवारी भर दुपारी, कुणाला न कळवता, मी स्वतः भेस्तानला गेलो. (कळवून गेलं की माणूस दाखवायचा ताका वर ठेवतो.) माझ्या बॅटरीच्या मोपेडने वाटेतच मान टाकायला सुरुवात केली होती. कशीबशी त्यांच्या बिल्डिंगखाली नेली, जिन्याखाली एक प्लग दिसला, त्यात चार्जर खोचला आणि वर चढलो. प्लग कुणाचा हे विचारलं नाही. विचारलं असतं तर पाहुणा आलाय हे वर कळलं नसतं का?

गच्चीवर गेलो तर शोभाताई कुरडया वाळत घालत होत्या, आणि त्यांच्या डोक्यावर लोखंडी पाइपवर चढवलेला मासळीच्या काट्यासारखा एक अवाढव्य अँटेना. मला पाहून त्या बाई दचकल्या नाहीत, उलट बसायला पाट दिला. (दचकल्या का नाहीत?) म्हणाल्या, हेमराज खोलीत आहे, आज त्याची स्पर्धा आहे, आज तो कुणाचाच नाही. कसली स्पर्धा, तर हॅम रेडिओची. म्हणजे सरकारची परीक्षा देऊन लायसन्स काढायचं, घरात रेडिओचं यंत्र बसवायचं आणि जगभरच्या तसल्याच लोकांशी हवेतून बोलायचं. मोबाइल नाही, इंटरनेट नाही. आणि स्पर्धेच्या शनिवार-रविवारी जो सगळ्यात जास्त लोकांना गाठेल तो जिंकला. मी विचारलं, बक्षीस काय? तर म्हणे, कागदाचं प्रमाणपत्र. दाजी, कागदासाठी दोन दिवस खोलीत कोंडून घेणारा माणूस खरं सांगत असेल, यावर तुमचा विश्वास बसतो?

मी खिडकीला कान लावला. आत भजी तळल्यासारखा चर्र आवाज चालू होता. भिंतीवरचं घड्याळ साडेपाच तास मागे. (नंतर कळलं की या मंडळींनी जगाचं एकच घड्याळ ठरवून घेतलंय. पण घरातल्या घड्याळात मुद्दाम चुकीची वेळ ठेवणारं कुटुंब माझ्या पाहण्यात नाही.) आणि आपला हेमराज तिथे हेमराज नव्हताच. लायसन्सवर मिळालेलं अक्षरं-आकड्यांचं नाव तो तिथे सांगत होता. एका माणसाला दोन नावं! पण खरी गाठ मला पुढे सापडली. विहिरीच्या तळातून यावा तसा कुणाचा तरी आवाज आला. हेमराजने त्याला नाव विचारलं. ऐकू आलं नाही. परत विचारलं. परत ऐकू आलं नाही. तिसऱ्यांदा कसंबसं कळलं आणि त्यावर हा गडी काय म्हणाला? “फाइव्ह नाइन!” त्यानंतर दुसरा आला, त्यालाही फाइव्ह नाइन. तिसरा तर नुसता खोकल्यासारखा ऐकू येत होता, त्यालाही फाइव्ह नाइन. शोभाताईंना अर्थ विचारला. पाच म्हणजे तुमचा शब्द न् शब्द कळतोय, आणि नऊ म्हणजे तुमचा आवाज जोरदार येतोय.

अरे वा! ज्याचं नाव तीनदा विचारावं लागलं, त्याला हा तोंडावर सांगतो की शब्द न् शब्द कळला!

हेमराज पाणी प्यायला उठला तेव्हा मी हा प्रश्न सरळ विचारला. त्याने आधी वाकून नमस्कार केला आणि मग शांतपणे सांगितलं की काका, स्पर्धेत सगळेच सगळ्यांना फाइव्ह नाइन देतात, ती रीत आहे, त्याला कुणी खरं धरत नाही. खरा माल त्याच्या पुढे सांगतात तो नंबर, आजची ही कितवी भेट त्याचा. तो दोघांनी लिहून घ्यायचा, मागाहून सगळ्यांच्या याद्या एकमेकांशी ताडून पाहतात, आणि ज्याने चुकीचं लिहिलं त्याचे गुण कापून वर दंडही करतात. दाजी, हे ऐकून मला काय वाटलं म्हणून सांगू! उभ्या जगात माणसाच्या शब्दावर विश्वास न ठेवता दोन्ही बाजू ताडून पाहणारे लोक आहेत, आणि इतकी वर्षं मला कुणी सांगितलं नाही! पण फाइव्ह नाइनचं शल्य राहिलंच. आज परक्याला तोंडदेखलं गोड बोलणारा उद्या माझ्या मुलीलाही तेच ऐकवणार. भाजी करपली तरी फाइव्ह नाइन, तिला ताप आला तरी फाइव्ह नाइन. पारख करावी म्हणून मी म्हणालो, जरा तो माइक दे, मी पण दोन शब्द बोलतो. तर हा होऊ घातलेला जावई सासऱ्याला म्हणतो कसा, “नाही काका, तुमच्याकडे लायसन्स नाही. ऐका हवं तेवढं.” आणि त्याने माझ्या डोक्यावर हेडफोन चढवला. मला राग आला. (आणि खोटं कशाला बोलू, जरा बरंही वाटलं.)

हेडफोनमध्ये तो चर्र आवाज इतका होता की माणसाचा शब्द लागेना. हेमराज कपाळाला हात लावून म्हणाला, सकाळपासून सगळं स्वच्छ होतं, हा आवाज आत्ताच कुठून तरी सुरू झाला, कुणाचं तरी विजेचं यंत्र खराब दिसतंय, असंच राहिलं तर स्पर्धा गेली. दाजी, हे काम माझं होतं. मी विचारलं, या खेळात तुझा दुश्मन कोण? म्हणाला, कुणी नाही. (दुश्मन नसलेला माणूस स्वतःला फार शहाणा समजतो.) त्याच्या आईचा जुना ट्रान्झिस्टर घेतला, कारण जिथे खराबी असेल तिथे तो जास्त ओरडतो असं हेमराजनेच सांगितलं, आणि निघालो.

तिसऱ्या मजल्यावर एक वॉशिंग मशीन बंद करायला लावलं. ट्रान्झिस्टर ओरडतच होता. दुसऱ्या मजल्यावर लखन नावाचा भरतकामाची मशीन चालवणारा राहतो. जरीची मशीन म्हणजे हाच तो! मी त्याला असा फैलावर घेतला, की तू मुद्दाम मुलाचं नुकसान करतोस, कुणी पैसे चारले तुला, वगैरे वगैरे. तो बिचारा जेवता जेवता उठला होता. म्हणाला, “चाचा, मशीन तो कल से बंद है, हाथ लगा के देखो.” मी हात लावला. गार होती. तरी मी त्याच्याकडे असं पाहिलं की तोच ओशाळला. एव्हाना अर्धी बिल्डिंग माझ्या मागे जिना उतरत होती, आणि जसजसं खाली जावं तसतसा ट्रान्झिस्टर बोंबलत होता. तळाला आलो तर कानाचे पडदे फाटायची वेळ. मी जिन्याखालच्या अंधाऱ्या कोपऱ्याकडे बोट दाखवून ओरडलो, सापडला चोर!

कोपऱ्यात एक मोपेड चार्जिंगला लावलेली होती. हँडलला लिंबू-मिरची. भागीरथीने बांधलेली.

लोक विचारायला लागले, किसकी गाडी है? मी पण इकडेतिकडे पाहून म्हणालो, हां, किसकी है? तेवढ्यात ऐन स्पर्धा टाकून हेमराज खाली आला. मी त्याला वाट करून दिली, दाजी. म्हटलं, असेल कुणा पाहुण्याची, चार्जर तर चांगला दिसतो, खराबी दुसरीकडेच असेल. होय काका म्हणाला असता तर विषय तिथेच मिटला असता, आणि मीही होकार देऊन टाकला असता बहुतेक. पण तो म्हणाला, “नाही काका, आवाज याच चार्जरचा आहे. आणि गाडी तुमची आहे, किल्ली तुमच्याच हातात आहे. हा चार्जर बदला, एखाद दिवशी पेट घेईल.” त्याने प्लग काढला आणि ट्रान्झिस्टर चिडीचूप झाला. मग माझ्या खांद्यावर हात ठेवून हळूच म्हणाला, लखनभाईंना तेवढं सांगून या. सगळ्यांसमोर वर चढून मी त्या जरीवाल्याची माफी मागितली. त्याने मला जेवायला बसवलं.

घरी येताना माझी गाडी मेलेलीच होती, तर हेमराजने स्वतःच्या मोटरसायकलची किल्ली दिली. काल संध्याकाळी तो माझी मोपेड नवीन चार्जरसकट पोचवायला आला. चंचलने त्याला आग्रह करून शेवभाजी वाढली. मी आतल्या खोलीत पेपर उलटा धरून ऐकत होतो. तिने विचारलं, कशी झालीय? तो म्हणाला, “मीठ जास्त पडलंय. पण तिखट मस्त जमलंय.” आणि चंचल इतकी हसली, इतकी हसली की भागीरथी स्वयंपाकघरातून बघायला आली. तसं हसताना मी तिला कित्येक दिवसांत ऐकलं नव्हतं. दाजी, मी तो ताका पुन्हा पुन्हा उजेडात धरला. गाठ नाही.

आक्काला माझा नमस्कार. बाकी सगळं ठीक.

तुमचा आज्ञाधारक,
बन्सीलाल

ता. क. : तुमच्या मळ्यातल्या पंपाच्या खोलीवर हेमराजला पुढच्या स्पर्धेसाठी अँटेना उभा करायचा आहे. तिथे शेजारपाजार नाही, चार्जर नाहीत. तुम्हाला न विचारता मी हो म्हणून बसलो आहे. लायसन्सच्या परीक्षेचं पुस्तकही आणलंय. भागीरथीला सांगू नका.

आणखी एक ता. क. : शोभाताईंना होकार तुम्हीच कळवा. आखाजीच्या आत. कालपासून चंचलसमोर तीनदा उभा राहिलो, तोंड उघडलं आणि दरवेळी पाणी मागितलं. या आखाजीला ती घरचीच आहे, सणाचा झोका माझ्याच हाताने बांधीन. पुढच्या आखाजीला ती पाहुणी म्हणून येईल, या विचाराने घास उतरत नाही. तिला म्हणावं, पप्पांनी हो म्हटलंय, मनापासून म्हटलंय, फक्त आवाज फुटत नाही.

शेवटचा ता. क. : वर सुरुवातीला ‘इकडे आम्ही सगळे आनंदात आहोत’ असं लिहिलंय, ते फाइव्ह नाइन समजा. आणि आता आक्काच्या गुडघ्याचं खरं काय ते कळवा.